रडर फडफडतो तो सॉफ्टवेअरमुळे नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

धुळ्याजवळ गोंदूरला आणि जळगावच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. ते पाहून खान्देशातल्या मुलांना घरीच, संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरचे कॉकपिट बांधावेसे वाटले तर आनंदच आहे. पण सगळा पैसा स्क्रीनवर जातो आणि योक (हातातले सुकाणू) आणि रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या फळीच्या) पेडलला हाती लागेल तो पॉट बसतो, मग रडर फडफडला की दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, याचे वाईट वाटते.

पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, रेडिओच्या व्हॉल्यूमला असतो तोच; दांडा किती फिरला ते त्यावरून संगणकाला आकड्यात कळते. दुकानात 'बी 10 के' छापलेला मागावा. तो लिनियर असतो, म्हणजे जेवढा फिरेल त्याच प्रमाणात आकडा बदलतो. 'ए' छापलेला आवाजासाठी असतो. तो अर्धा फिरवला तरी आकडा 10-15 टक्क्यांवरच राहतो, म्हणून योक मधोमध असूनही विमान कलते.

खरी चूक पुढे होते. पॉट साधारण 300 अंश फिरतो आणि तो संगणकाला जोडणारा छोटा बोर्ड, अर्डुइनो लिओनार्डो, त्याचे 1024 भाग करतो. पेडलची दांडी मात्र जेमतेम 50 अंश हलते. ती थेट पॉटला जोडली तर 170 भागच वापरात येतात, एका बाजूला फक्त 85. त्यात दोन-तीन आकड्यांची थरथर आली की रडर फडफडणारच. कॅलिब्रेशनने (दोन्ही टोके आणि मध्य संगणकाला शिकवून) हे 170 भाग पूर्ण पट्टीवर ताणले जातात, पण थरथरही तेवढीच ताणली जाते. दांडीवर 60 दातांचा आणि पॉटवर 12 दातांचा गिअर बसवा, पॉट 250 अंश फिरेल. दातांमधली ढिलाई हलक्या स्प्रिंगने काढा, नाहीतर मध्यावर पेडल हलते आणि आकडा हलत नाही.

आमच्या मते मात्र हॉल सेन्सरच घ्यावा, म्हणजे फिरणाऱ्या चुंबकाचा कोन न घासता मोजणारी चिप. पॉटची कार्बनपट्टी घासत जाते आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तिला फार टिकू देत नाही. एएस5600 हा असा सेन्सर एका फेरीचे 4096 भाग करतो, म्हणजे गिअरविना त्याच 50 अंशांत 560च्या वर. त्याला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला गोल चुंबकच लागतो, तोही चिपच्या बरोबर मध्यावर, 0.5 ते 3 मिलिमीटर अंतरावर. साध्या चकतीच्या चुंबकाने भरवशाचे आकडे मिळत नाहीत.

पॉटच ठेवायचा असेल तर त्याची मधली पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, बोर्डाजवळ, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. थरथर घालवायला प्रोग्रॅममध्ये भरमसाट सरासरी काढू नये. सेकंदाला 100 वाचने घेऊन 16 वाचनांची सरासरी काढली तर सुमारे 75 मिलिसेकंद उशीर होतो आणि उतरताना नाक वरखाली होत राहते.

कच्चे आकडे स्थिर झाल्यावरच कॅलिब्रेशन करावे, मग मध्यावर 1-2 टक्के डेड झोन (जिथे हालचाल मोजलीच जात नाही असा पट्टा) आणि सर्वांत शेवटी सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह, म्हणजे किती हालचालीला विमानाने किती प्रतिसाद द्यावा ते. थ्रॉटलला (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) मधला डेड झोन देऊ नये. त्याला तो दोन्ही टोकांनाच हवा.

आपले,
सिम्युलेटर बांधणारे काही वाचक, धुळे