गायनाच्या तासाला शिक्षक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतील कलाशिक्षकांच्या रिक्त जागांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते. मात्र त्या चर्चेत गायनाच्या शिक्षकाचा उल्लेख झालाच, तर तो स्वागतगीत आणि स्नेहसंमेलन यांच्यापुरता असतो. मिरज तालुक्यातील ज्या शाळेत मी शिकलो, तिथल्या गायनाच्या बाईंना निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी त्यांच्या शिकवण्यातले काय टिकले हे सांगावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

बाईंच्या हाताखालून नामवंत गायक एकही निघाला नाही. आमच्यातले बहुतेक जण शेतीत, बँकेत, एसटीत गेले. परंतु तीनतालाच्या सोळा मात्रा त्यांनी आम्हाला बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवल्या, नवव्या मात्रेला हात उलटा करून ‘खाली’, म्हणजे टाळीविना जाणारी जागा, दाखवायला लावली, आणि साऱ्या वर्गाची टाळी नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडली की त्या पेटी थांबवून नुसत्या हसत. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेला आमच्यापैकी कोणी ना कोणी आजही मागे बसलेला असतो, आणि तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा, सुरू झाली की सम कुठे येणार हे त्याला आधीच कळते.

आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात आणि गाण्याची लाज वाटू लागते. मुलींसाठी काळी चार या उंच पट्टीत धरलेले समूहगीत आम्हाला झेपेना, तेव्हा ‘तुम्ही नुसते ओठ हलवा’ असे न सांगता बाई पेटी काळी एक या खालच्या पट्टीवर आणून तेच गीत आमच्याकडून वेगळे बसवून घेत. ज्याला सूर मुळीच सापडत नसे, त्याच्या हाती टाळ येई. वर्गाबाहेर कोणीच बसले नाही.

कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्यामागे संगीत सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत पोहोचावे हीच धडपड होती. शाळेतली पेटी हे त्या धडपडीचेच लांबचे फळ म्हणायला हवे. (आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे हीच पेटी वर्ज्य मानली होती; आमच्या बाईंनी तिच्याशिवाय तास कसा घेतला असता, देव जाणे.)

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या शंभराहून अधिक असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असायला हवा. आमच्या भागात तरी कला म्हणजे चित्रकला एवढाच अर्थ लावला जातो, निदेशक आलाच तर तुटपुंज्या मानधनावर येतो, आणि गायनाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला जोडला जातो. ध्वनिवर्धकावर गाणे लावून मुलांना नाचवणे हा त्याला पर्याय नव्हे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झालेली, घरी चार शिकवण्या घेणारी माणसे तालुक्याच्या गावी सहज भेटतात. जिल्हा परिषदेने आणि खासगी संस्थाचालकांनी त्यांच्या नेमणुका येत्या जूनपूर्वी कराव्यात, मानधन वर्षभर नियमित द्यावे आणि वेळापत्रकातला गायनाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये, एवढीच विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज तालुका