हिरव्याचं खापर

प्रिय मित्रा,

वर्षभर पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालत असशील तर घाल, पण आधी हे वाच. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून बोलते, एवढंच.

तू बरोबर होतास. आपल्या निळ्या पॉलिमरच्या फिल्ममधून येणारा तो हिरवा उजेड कीटोनचाच, म्हणजे ऑक्सिजन लागून बिघडलेल्या जागांचा; मी म्हणायचो तसा साखळ्या चिकटल्याचा नव्हे.

झालं लिहून. हसून घे आणि पुढे वाच.

माझी विद्यार्थिनी पीएचडीच्या शेवटाला आलीय. तिचं चौथं प्रकरण पॉलिफ्लुओरीनवर, त्याच निळा उजेड देणाऱ्या पॉलिमरवर, आहे आणि त्याचा पाया म्हणजे माझा तो पेपर, ज्यावरून तू नाव काढून घेतलंस. परवा रात्री तिनं दोन फिल्म यूव्ही दिव्याखाली ठेवल्या. पॉलिमर एकच, तापवणंही सारखंच; एक हवेत, दुसरी नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये. हवेतली शेवाळ धरल्यासारखी मळकट हिरवी, बॉक्समधली निळीशार. मी म्हटलं, दिवा नीट धर. तिनं दिवा माझ्याच हातात दिला.

आठवतं ना, मी काय मिरवायचो? टोल्युइनमध्ये विरघळलं की निळं, फिल्म केली की हिरवं. रसायन तेच, फरक दाटीचा. म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि एक्सायमर होतो, दोन साखळ्यांची उत्तेजित जोडी. आणि तू फळ्यासमोर घसा कोरडा करत होतास: अरे, विरळ द्रावणात साखळी एकटी असते. एक्सायटॉन, म्हणजे शोषलेल्या उजेडाच्या ऊर्जेचं गाठोडं, तिच्यावरच रखडतो आणि कीटोनपाशी पोचायच्या आत, काहीशे पिकोसेकंदांत, निळा उजेड टाकून मोकळा होतो. फिल्ममध्ये शेजारच्या साखळ्या हाताशीच, उड्यांना रान मोकळं. फोर्स्टरच्या ऊर्जा-उडीच्या हिशेबानं अंतर निम्मं झालं की वेग ६४ पट. अशा उड्या मारत तो कमी ऊर्जेच्या जागेकडे घरंगळत जातो, आणि सगळ्यांत खोल खड्डा फ्लुओरेनोनचा, म्हणजे त्या कीटोनचाच.

त्यावर मी तुला आयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट, दाखवून गप्प केलं! १७२० च्या आसपास, जिथे कीटोनची खूण दिसते, तिथे काहीच नाही, मग कुठाय तुझा कीटोन? आता लाज वाटते. शंभर एककांमागे एकाहूनही कमी कीटोन सगळी फिल्म हिरवी करायला पुरतो, तो आयआरला दिसणार कसा? फ्लुओरीनच्या नवव्या कार्बनवर दोन्ही अल्किल शेपट्या लागल्या नाहीत, एखादा हायड्रोजन उरला, की ऑक्सिजन नेमका तिथे तोंड घालतो आणि कीटोन बनतो. मोनोमर मीच शुद्ध केला होता. कसा, ते तुला माहीतच आहे.

पोरगी तेवढ्यावर थांबली नाही. तोच हिरवा नमुना तिनं भरपूर पॉलिस्टायरीनमध्ये चिमूटभर मिसळला, म्हणजे साखळ्या एकमेकींपासून तुटल्या. एक्सायमर असता तर हिरवा जायला हवा होता. कमी झाला, गेला नाही.

१९९० मध्ये केंब्रिजच्या पीपीव्ही या पॉलिमरनं विजेवर पिवळा-हिरवा उजेड दिला तर जगानं टाळ्या वाजवल्या. आपण निळ्यासाठी जीव टाकला आणि हिरव्यानं नाक कापलं.

पण झोप उडालीय ती पेपरपायी नाही. फिल्म दाखवून ती चाचरत म्हणाली, "सर, माझंच काही चुकलं असेल." दोन वर्षं मी तिला हेच शिकवलंय रे. आकडा पेपरशी जुळला नाही की पुन्हा मोज. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं, मी म्हटलं, यंत्राची उजेडाची फट, ती स्लिट तपास. स्लिटही बिचारी ठीकच होती. आता प्रबंध द्यायला दोन महिने राहिलेत. प्रकरण फिरवलं तर मुदत हुकते. तसंच ठेवलं तर मला झाकायला मी तिच्याकडून खोटं लिहून घेतोय. आणि पेपरची दुरुस्ती छापायची तर 'आभार'मध्ये तुझं नाव घालू की तू पुन्हा काढून घेशील? थोरले सर असते तर चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं असतं, "फिल्म काय म्हणते?" घुबडाला मात्र यातलं अक्षर सांगू नकोस. तो अजून माझ्या पेपरातला आलेख व्याख्यानात दाखवतो.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, छान झालं. धाकटीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार. बदलीचं ठरलं की कळव.

आणखी एक. तुझी हिरव्या पुठ्ठ्याची वही माझ्याकडे नाही म्हणून मी शपथ घेतली होती. ती माझ्याच खालच्या खणात होती. काल काढली. सत्तेचाळिसाव्या पानावर तुझ्या त्या किड्यामुंग्यांच्या अक्षरात लिहिलंय: 'नायट्रोजनमध्ये तापवली. निळीच राहिली. याला दाखवणे.' तू दाखवली होतीस. मी म्हटलं होतं, दिवा नीट धर.

पान फोटो काढून तिला पाठवलंय. वही तुझ्या पत्त्यावर टाकतो.

तुझाच

ता. क. तिचं चौथं प्रकरण वाचशील का? मला न विचारता, थेट तिलाच खरमरीत लिही.