पिलातापर्यंत आणि पिलातानंतर

भायखळा, मुंबई

चि. रुथ हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमचा विश्वास इतिहासाच्या पुराव्यावर उभा आहे की ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर, हा तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे. ‘दोन्हींवर’ असं गुळमुळीत उत्तर देऊन सुटका करून घेऊ नकोस. पुरावा कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो, ते बोट ठेवून दाखवता येतं.

दर रविवारी उपासनेत आपल्या विश्वासाचं जे ठरलेलं निवेदन म्हणतो तो विश्वासांगीकार आठव. येशू आणि मरीया सोडले तर त्यात एकाच माणसाचं नाव येतं, तेही रोमी अधिकाऱ्याचं: पंतय पिलात. इसवी सन अजून सुरू व्हायचा होता. अमक्याच्या अमदानीत घडलं, हीच तेव्हाची तारीख. पिलात इ.स. 26 ते 36 यहूदिया प्रांताचा रोमी अधिकारी होता. दुःख भोगलं, वधस्तंभावर खिळला गेला, मरण पावला, पुरला गेला, ही सगळी वाक्यं त्या तारखेला बांधलेली आहेत आणि इतिहासकार ती तपासू शकतो. ‘तिसऱ्या दिवशी उठला’ म्हटलं की हद्द बदलते. मैत्रिणीशी बोलताना आपण हद्दीच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, ते आधी सांग. निम्मे वाद ते न सांगितल्यामुळेच होतात.

अलीकडच्या बाजूला हाताशी काय आहे, ते बघ. 1961 साली यहूदियातल्या कैसरिया या जुन्या शहराच्या नाटकगृहात इटालियन उत्खननकारांना चुनखडीचा एक दगड मिळाला, साधारण 82 बाय 65 सेंटिमीटरचा. नंतरच्या काळात कुणीतरी तो जिन्यात पायरी म्हणून बसवला होता. डावीकडची अक्षरं गेली आहेत, पण पिलाताचं नाव पुरतं वाचता येतं आणि हुद्द्याचा शेवटही. हुद्दा ‘प्रीफेक्ट’. आता रोमी इतिहासकार टॅसिटस घे. सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांना छळलं ते सांगताना तो, इ.स. 116च्या सुमारास, लिहितो की ख्रिस्ताला सम्राट तिबेरियाच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला. ख्रिस्ती लोकांचा त्याला मनापासून तिटकारा आहे, म्हणून तर त्याची साक्ष मोलाची. पण पिलाताला तो ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो, म्हणजे स्वतःच्या काळातला हुद्दा मागे नेऊन चिकटवतो. माहिती सरकारी दप्तरातली की ऐकीव, तेही सांगत नाही. साक्षीदार चांगला, पण घटनेनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी बोलणारा, हे धरूनच त्याला उभा कर.

पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस वापरताना जास्त जपून. इ.स. 93-94च्या त्याच्या ग्रंथात येशूचा उल्लेख दोनदा येतो. विसाव्या भागातला छोटा आहे: ‘ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब’. तो बहुतेक अभ्यासक खरा मानतात. अठराव्या भागातला परिच्छेद मात्र भेसळीचा आहे. जन्मभर यहूदी राहिलेला माणूस ‘हाच ख्रिस्त होता’ असं सरळ लिहील कसा? तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिगेन तर म्हणतो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. मूळ मजकूर थोडा असावा, वरची कलाकुसर नंतरच्या ख्रिस्ती नकलनविसाची. हा परिच्छेद आख्खाच्या आख्खा कुणापुढे ठेवलास, तर इतिहासाची कुठलीही विद्यार्थिनी तुला तिथेच पकडेल.

खरा भक्कम धागा तिसराच आहे, आणि आपले लोक नेमका तोच विसरतात. ग्रीसमध्ये डेल्फी इथे सम्राट क्लौद्याच्या पत्राचे कोरीव तुकडे सापडले. त्यांत गल्लियोचं नाव आहे आणि त्यावरून तो करिंथात इ.स. 51-52च्या सुमारास अधिकारी होता हे ठरतं. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 18व्या अध्यायात प्रेषित पौलाला उभं केलं जातं ते याच गल्लियोपुढे. तिथून मोजत गेलं की पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र 53 ते 55च्या दरम्यान येतं. येशूचं मरण 30 किंवा 33 सालचं, म्हणजे मधलं अंतर वीस-पंचवीस वर्षांचं. त्या पत्राच्या 15व्या अध्यायात पौल म्हणतो, जे मला मिळालं ते मी तुम्हांला सोपवलं. आणि मग उठलेला येशू कुणाकुणाला दिसला त्याची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, शेवटी मी. म्हणजे ही यादी पत्राहून जुनी. ती त्याला कुठे मिळाली असेल, याचा माग गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात लागतो. ख्रिस्ताकडे वळल्यानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमेत पंधरा दिवस केफाकडे राहिला आणि याकोबालाही भेटला. मी खोटं बोलत नाही, अशी देवासमक्ष ग्वाहीही त्याने दिली आहे. तेव्हा येशू उठल्याचा दावा शंभर वर्षांनी रचलेली दंतकथा नाही, एवढं इतिहासाने सिद्ध होतं. दावा खरा आहे, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही. पाचशेंपैकी एकाचंही नाव पौल देत नाही, जागाही सांगत नाही. रिकाम्या कबरेचा आणि तिथे गेलेल्या स्त्रियांचा उल्लेखही या यादीत नाही.

नव्या कराराच्या पाच हजारांवर ग्रीक हस्तलिखितांचा आकडा लोक तोंडावर फेकतात. मूळ मजकूर काय होता हे ठरवायला तो उपयोगी आहे, मजकूर खरा ठरवायला नाही. सातबाऱ्याच्या हजार झेरॉक्स काढल्या म्हणून जमिनीचा वाद मिटतो का? त्या हस्तलिखितांतला सर्वांत जुना समजला जाणारा तुकडा मँचेस्टरला आहे, एटीएम कार्डापेक्षा किंचित मोठा, बहुधा दुसऱ्या शतकातला. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातल्या तुटक ओळी आहेत: पिलातापुढची चौकशी. पुन्हा तोच माणूस!

अडचणी लपवू नकोस. लूक येशूच्या जन्माच्या वेळी रोमी सुभेदार क्विरिनियाची नावनिशी (लोकांची मोजणी) सांगतो, ती इ.स. 6 सालची, आणि मत्तयाच्या जन्मकथेतला राजा हेरोद इ.स.पू. 4मध्येच वारला. निदान नऊ वर्षांची ही फट बुजवायला निघालेली स्पष्टीकरणं मला तरी ओढूनताणून केलेली वाटतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या दोन पूर्ण प्रतींत 16व्या अध्यायाचं 9व्या वचनापासून पुढचं नाही. स्त्रिया भिऊन पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथेच पुस्तक संपतं. हे आपणहून सांग. दुसऱ्याने काढलं की ते भांडं फुटल्यासारखं दिसतं. आणि तुरीनचं कफन, येशूला गुंडाळलं म्हणतात ते कापड, पुरावा म्हणून पुढे करू नकोस. 1988च्या कार्बन चाचणीत कापड 1260 ते 1390मधलं निघालं. ग्रुपवर फिरणारे नोहाच्या तारवाचे फोटो तर डिलीटच कर.

काळा घोड्याच्या वास्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा आहे. अशोकाचा हुकूम कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोचला, हे त्या दगडावरून कळतं. त्याचा धम्म पाळावा की नाही, हे दगड ठरवत नाही. पिलाताच्या दगडाचंही तसंच. त्यावरून पुनरुत्थान सिद्ध करू पाहणं म्हणजे वडाची साल पिंपळाला.

मग श्रद्धा म्हणजे ज्याची त्याची आवड, असं मैत्रीण म्हणेल. तेही पौलाला चालणार नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं त्याच 15व्या अध्यायात तो स्वच्छ म्हणतो. आपली श्रद्धा एका घटनेवर आहे, म्हणून ती घटना खोटी ठरण्याचा धोकाही पत्करते. इतिहासकाराला संभव-असंभव तोलावा लागतो, आणि मेलेला माणूस उठणं त्याच्या तराजूत मावत नाही. तुझ्या मैत्रिणीला तोच तराजू पुरेसा वाटत असेल तर ती काही अप्रामाणिक नाही.

कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका परक्या माणसाने नवा करार दिला होता. त्यांना धरून ठेवलं ते मत्तयाच्या 5 ते 7 या अध्यायांनी, डोंगरावरील प्रवचनाने. फेब्रुवारी 1895मध्ये इथे मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1919 साली ते गेले तेव्हा पिलाताचा दगड अजून कैसरियात पायरी होऊन पडला होता.

करिंथकर 15 आणि गलतीकर 1 शेजारी शेजारी उघडून वाच, हातात पेन्सिल घेऊन. ‘मला मिळालं’ आणि ‘मी पाहिलं’ यांवर वेगवेगळ्या खुणा कर. मैत्रिणीलाही करायला दे. दोघींच्या खुणा कुठे जुळत नाहीत ते मला कळव.

तुझे,
पप्पा