कठड्याची उंची मोजता, तिच्या कराराचे काय? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : डान्स बार व ऑर्केस्ट्रा बारमधील स्त्रियांचे लेखी करार, टिप्सचा हिशेब आणि रात्रीच्या धाडी

महोदय,

डान्स बारचा परवाना मागणाऱ्याच्या हॉलमध्ये तपासणीसाठी माणूस येतो तेव्हा टेप घेऊन येतो. मंचाचा कठडा ३ फूट आहे का, कठडा आणि पहिली खुर्ची यांत ५ फूट अंतर आहे का, मंचावर एका वेळी चारच जणी आहेत का, हे सगळे मोजले जाते. ही मापे सर्वोच्च न्यायालयासमोरच्या सुनावण्यांतून आली आहेत आणि त्यांवर आमचा आक्षेप नाही. पण त्याच परवान्याची आणखी एक अट आहे: नाचणारीशी लेखी करार आणि तिचा मोबदला बँक खात्यात. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने ठरावीक मासिक पगाराची सक्ती रद्द केली, पण ही अट कायम ठेवली. ती तपासायला कोण येते? आमच्या माहितीत बहुतेक ठिकाणी कोणीच येत नाही. हॉटेल-बारमधील अश्लील नृत्याला बंदी घालणाऱ्या राज्याच्या २०१६ च्या कायद्याच्या नावातच तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण आहे. प्रतिष्ठा कठड्याने राखली जाते की हिशेबाने, हे या पत्रात मांडायचे आहे.

आधी एक जुना घोटाळा निस्तरला पाहिजे. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमे आली. ३३अ ने परमिट रूम, बिअर बार आणि खानावळीतला नाच बंद झाला. ३३ब ने नाट्यगृहे, जिमखाने, क्लब आणि तीन तारांकित व त्यावरची हॉटेले वगळली. नाच तोच, पण प्रेक्षक खिशाने मोठा असेल तर चालेल, असा त्याचा अर्थ झाला. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ती बंदी टिकू दिली नाही, त्यात हा भेदभाव एक मुख्य कारण होता.

हा घोटाळा कायद्यातून गेला, समाजाच्या डोक्यातून गेला नाही. आज पट्टायाच्या सहलीत नवरा-बायको कॅबरेचे तिकीट काढतात, ॲमस्टरडॅमला जोडीने शो बघून येतात आणि घरी मोकळेपणाने सांगतात. त्यात गैर काही नाही. दोघांनी मिळून, एकमेकांना विचारून घेतलेला निर्णय लपवून केलेल्या वारीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. लावणीच्या ‘फक्त महिलांसाठी’ प्रयोगांना आमच्याच घरातल्या बायका शिट्ट्या वाजवतात, तेही आम्हांला आवडते. पण जोडप्याची आपसातली संमती हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा मंचावर उभा असतो. शेजारी बायको बसली म्हणून एखादी शेरेबाजी कमी होईल, पण नाचणारीच्या टिपेतला मालकाचा वाटा त्याने कमी होत नाही आणि तिची उचलही फिटत नाही. प्रेक्षक कुटुंबवत्सल आहे की एकटा, यावरून धंदा नैतिक ठरवणे म्हणजे पुन्हा ३३ब कडेच जाणे. आम्ही मोजमाप नाचणारीच्या कामाच्या अटींनी करतो.

त्या अटी अशा आहेत. बहुतेक बारमध्ये नाचणारीला पगार नसतो. तिची कमाई म्हणजे टिप्स, आणि टिप्स थेट तिच्याकडे राहत नाहीत. ग्राहक काउंटरवर मोठी नोट देऊन सुट्ट्या दहा-दहाच्या गड्ड्या घेतो. वाटलेले पैसे वेटर गोळा करतो, ‘कलेक्शन’ रात्री मालकाकडे मोजले जाते, वाटा कापला जातो आणि उरलेले तिच्या हाती येते. वाटा बारगणिक बदलतो आणि कुठेही लिहिलेला नसतो. उशिरा आली म्हणून दंड, सुट्टी घेतली म्हणून दंड, हेही त्यातूनच वळते होतात. तमाशाच्या फडात आणि चौफुला, मोडनिंबच्या संगीत बाऱ्यांत दौलतजादा म्हणतात तो हाच व्यवहार आहे. कायद्याने नोटा उधळणे बंद केले आणि न्यायालयाने ते मान्य केले. हातात टिप देणे मात्र वैध ठेवले, आणि टिप बिलातच जोडण्याची सक्ती रद्द केली. म्हणजे हातात दिलेल्या नोटेवर तिचा हक्क मान्य झाला, पण ती नोट तिच्या हातात राहील याची काळजी कोणीच घेतली नाही.

‘मग क्यूआर कोड लावा’ असा सल्ला सोपा वाटतो. तो धोक्याचा आहे. पैसे पाठवताना ग्राहकाच्या फोनवर तिचे बँकेतले खरे नाव दिसते, कधी कधी मोबाइल क्रमांकही. जिने हयातभर कामाचे नाव वेगळे ठेवले, तिचा पाठलाग करणाऱ्याला घराचा रस्ता अशा स्क्रीनवरून सापडतो. बारच्या एकाच खात्याचा कोड लावला तर सगळे पैसे पुन्हा मालकाकडे. यावर मार्ग आहे: छापील क्रमांकाच्या तिहेरी पावत्यांचे पुस्तक. काउंटरवर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला एक भाग, नाचणारीला दुसरा, स्थळप्रत बारमध्ये. तिच्या पावत्यांची बेरीज आठवड्याला तिच्या खात्यात जमा झालीच पाहिजे. हे ऐच्छिक ठेवा, नाहीतर बिलात जोडण्याची रद्द झालेली सक्तीच मागच्या दाराने येईल. रोख हाती घेणारीने रोख घ्यावी. पण बारने त्यातून वाटा घेतला तर तो करारात टक्क्यांनी लिहिलेला असलाच पाहिजे.

करार म्हणजे काय, हेही स्पष्ट हवे. आज काही ठिकाणी इंग्रजी छापील कागदावर अंगठा किंवा सही घेतली जाते आणि कागद मालकाच्या कपाटात जातो. शासनाने मराठी आणि हिंदीत एकच नमुना द्यावा, दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात दर रात्रीची किमान रक्कम, टिप्सचा वाटा, कामाचे तास, कुठलीही दंडकपात नाही हे वाक्य, आणि ग्राहकाजवळ जाण्यास, बसण्यास, फोन क्रमांक देण्यास नकार देण्याचा तिचा अधिकार असावा. एक प्रत तिच्या हाती, तिच्या सहीच्या पोचपावतीसह. उचलीचा उल्लेख करारात येऊच नये. उचल देऊन बांधून ठेवणे वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्या कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपते. हे तिला कोणी सांगत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना जशी उचल गळ्यातला फास होते, तशीच इथेही.

तपासणीला मग तीनच कागद लागतात: करार, हजेरीपुस्तक आणि बँकेचे पासबुक. तीन रकाने शेजारी ठेवले की पाच मिनिटांत खोटे कळते. हजेरीत वीस रात्री आणि पासबुकात एकही जमा नाही, तर परवानाधारकाने उत्तर द्यावे. ही तपासणी दुपारी व्हावी, कामगार खात्याच्या महिला अधिकाऱ्याने करावी, आणि मालकाच्या अनुपस्थितीत प्रत्येकीशी बोलून करावी.

ऑर्केस्ट्रा बारचे दुखणे वेगळे. डान्सच्या परवान्याच्या अटी नकोत म्हणून बहुतेक धंदा ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे गाण्या-वाजवण्याच्या कार्यक्रमाच्या, परवान्यावर चालतो. माइक हातात असतो, गाणे बहुतेकदा रेकॉर्डवर. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार बायका आणि चार पुरुष अशी मर्यादा रद्द केली; एकूण आठ कलाकार, स्त्री-पुरुष कितीही, एवढेच उरले. आठपेक्षा जास्त बायका ठेवणारा मालक धाडीच्या वेळी त्यांना लपवतो. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारमध्ये मेकअपच्या खोलीतल्या आरशामागे १७ स्त्रिया सापडल्या, हे आपल्या खात्याला माहीत आहे. त्या आरशामागे आग लागली असती तर? धाडीच्या बातमीत तळघर शोधल्याचे कौतुक होते, पण बायकांना आत कोंडणाऱ्यावर कोंडून ठेवल्याचा गुन्हा लागतो का, हे विचारायला हवे. ध्वनिक्षेपकाच्या आणि अश्लीलतेच्या कलमांपेक्षा ते कलम महत्त्वाचे आहे. बेकायदा भिंत, दुहेरी आरसा, बाहेरून कडी असलेला दरवाजा, यांतले काहीही आढळले की परवाना त्याच रात्री निलंबित व्हावा.

धाडी रात्री होतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३(५) सांगते की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर ती अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्यामार्फत, लेखी अहवाल देऊन आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन. व्यवहारात ‘अटक नाही, फक्त चौकशी’ म्हणून पहाटेपर्यंत ठाण्यात बसवले जाते. त्यातच कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करते आणि सकाळी ओढणीने तोंड झाकलेल्या बायका सगळ्या गावाला दिसतात. गावी आई, मुलगा, शाळा. तिची नोकरी जाते आणि घरही जाते. धाडीचे चित्रीकरण पुराव्यापुरतेच राहावे आणि प्रसारमाध्यमांना एकही चेहरा जाऊ नये, असे परिपत्रक काढायला कायदा बदलावा लागत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने तिथेच घ्यावा आणि तिला वाहनाने घरी सोडावे. अल्पवयीन मुलीचे प्रकरण अर्थातच वेगळे आहे. तिथे बालकल्याण समितीकडेच जायचे आणि मालकावर कडक कलमे लावायची.

घरी जाण्याचा प्रश्न रोजचाही आहे. डान्स बार बंद व्हायची वेळ रात्री ११.३०, हिशेब आणि कपडे बदलणे होईपर्यंत शेवटची लोकल निघून जाते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९.३० नंतर स्त्रीला कामावर ठेवणाऱ्याने तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतचे वाहन यांची तजवीज करायची आहे. हा कायदा आधी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता, २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेली गेली. वेटर, आचारी, सुरक्षारक्षक धरले की मोठे बार त्यात बसतात. दहा कामगारांवर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याची अंतर्गत समितीही लागते, आणि ग्राहकाने केलेल्या छळाची तक्रारही तिथे येते. किती बारमध्ये ही समिती आहे, एवढी यादी मागवली तरी पुरे.

परदेशातले उदाहरण द्यायचे तर आइसलंडने २०१० मध्ये स्ट्रिप क्लबचा धंदाच बंद केला. आपण २००५ मध्ये तसेच केले आणि धंदा आरशामागे गेला, म्हणून तो रस्ता आम्ही सुचवत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये स्ट्रिप क्लबसाठी कायदा केला: नाचणारीकडून क्लबने घ्यायच्या शुल्कावर मर्यादा, सुरक्षारक्षक, एकांतातल्या जागी धोक्याचे बटण, कपडे बदलण्याच्या खोलीला कुलूप. नाचणाऱ्यांनी स्वतः मागून घेतलेला तो कायदा आहे. त्यातले बटण आणि कुलूप उद्या सकाळी इथेही बसवता येईल.

आणि एक छोटी पाटी. प्रत्येक परवानाधारक बारच्या दाराशी, आतही, मराठी आणि हिंदीत: परवाना क्रमांक, ‘चित्रीकरण मना’, ‘टिप हातात द्या, उधळू नका’, ‘कलाकाराचा नकार म्हणजे नकार’, आणि मदतीसाठी ११२ व १८१. आत येणारी व्यक्ती एकटी असो वा जोडीने, तिला नियम कळले पाहिजेत. जे जोडपे बाहेरदेशी हे नियम शांतपणे पाळते, ते इथेही पाळेल, जर ते कुठे लिहिलेले दिसले तर.

सुरुवात मुंबई, ठाणे आणि रायगड या तीन ठिकाणांपासून करावी. पनवेलच्या पट्ट्यातले बार त्यात येतात. पहिल्या ९० दिवसांत करार, हजेरी आणि पासबुक यांची तपासणी पूर्ण करून तिचा अहवाल विधिमंडळात ठेवावा, ही विनंती. अहवालात स्त्रियांची नावे नकोत. बारचे परवाना क्रमांक आणि त्यांच्यापुढे तीन रकाने, इतकेच.

कळावे,

बारमधील स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारे काही वकील व कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी : मा. कामगारमंत्री, मा. महिला व बालविकासमंत्री. राज्य महिला आयोग