दुरुस्ती कुणाची, शिक्का कुणाचा?

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय सुभ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज परवाच वाचला. मुद्दाम फोन केला नाही. फोनवर आपलं पाचव्या मिनिटाला वाजतं आणि वहिनी मधे पडतात. तू विचारलंयस, "तुमच्याकडे मतदान यंत्रं दुरुस्त करणारी कंत्राटी माणसं कोण असतात, आणि त्यांना कोण तपासतं?" प्रश्न चांगला आहे. पण अमेरिकेत डेन्व्हरात बसून तो आम्हाला विचारतोस, म्हणजे लेका तुझ्या कोलोरॅडोत काय झालं ते तू विसरलास. त्यावर येतोच.

आधी माझं दुकान. पॉलिटेक्निकातनं बाहेर पडलो, तू विमानात बसलास आणि मी वजनकाट्यांना चिकटलो. आता हंगामाआधीची कामं सुरू झालीत. कारखान्यांचे काटे, गुऱ्हाळांचे काटे, लोडसेल (वजन टिपणारा भाग) बदल, जंक्शन बॉक्समधलं पाणी काढ, इंडिकेटरची प्लेट बदल. यातलं काहीही करायला मला वैधमापन खात्याचा परवाना लागतो. २००९ च्या कायद्यात दुरुस्ती करणाऱ्यालासुद्धा परवाना सक्तीचा आहे. अनामत भरावी लागते, स्वतःची प्रमाणित वजनं ठेवावी लागतात, कुठला काटा कधी उघडला त्याची वही ठेवावी लागते. आणि एवढं करूनही शिक्का मी मारू शकत नाही. मी काटा दुरुस्त केला की निरीक्षक येणार, वजनं चढवून बघणार, मग तो सील करणार. त्याच्या सहीशिवाय त्या काट्यावर एक ट्रॉली चढवायची नाही.

मी लबाड आहे म्हणून कायदा असा केलेला नाही. (लबाड मंडळी या धंद्यात आहेत, काटामारी हा शब्द आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.) दुरुस्ती करणारा कितीही सरळ असो, बरोबर झालं की नाही हे दुसऱ्यानं सांगायचं, एवढीच त्यामागची अक्कल आहे.

आता मतदान यंत्राकडं ये. यंत्रं दोनच सरकारी कंपन्या बनवतात, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल. पहिली संरक्षण खात्याखाली, दुसरी अणुऊर्जा विभागाखाली. १९८२ मध्ये केरळात परूरला पन्नास मतदान केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा लावलं, तेव्हा कायद्यात त्याची तरतूदच नव्हती, म्हणून १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मतदान रद्द ठरवलं. मग कायदा बदलला. २००४ पासून सगळी लोकसभा यंत्रावर. निवडणुकीआधी जिल्ह्याच्या गोदामात प्रत्येक यंत्राची प्रथमस्तरीय तपासणी होते, सगळे तिला एफएलसीच म्हणतात. ती करतात याच दोन कंपन्यांचे अभियंते. नापास यंत्र परत कंपनीत. दुरुस्त होऊन आलं की पुन्हा त्यांचीच माणसं तपासणार. आणि गेल्या वर्षी २६ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हरलेल्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मागता येईल. तपासणार कोण? उत्पादक कंपन्यांचे अभियंते. लोकसभेनंतर त्याची फी जीएसटीसकट यंत्रामागं ४७,२०० रुपये होती.

माझ्या धंद्यात असं चाललं असतं तर मी आज बंगल्यात राहिलो असतो.

एफएलसी मी आत जाऊन पाहिलीय. एका पक्षाला "इलेक्ट्रॉनिक्स कळणारा माणूस" हवा होता, म्हणून प्रतिनिधी म्हणून मला धाडलं. दारात मोबाईल काढून घेतले, झडती झाली, आत कॅमेरे चालू. टेबलामागं टेबल, प्रत्येकावर एक पोरगा, गळ्यात ओळखपत्र. सगळी बटणं दाबून बघायची, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या बघायच्या, शेवटी गुलाबी कागदी सील आणि त्यावर अभियंत्याची नि आमची सही. पाच टक्के यंत्रांवर मोठी अभिरूप मतदान चाचणी असते, काहींवर ५००, काहींवर १०००, काहींवर १२०० मतं टाकायची, आणि ती यंत्रं निवडायचा हक्क प्रतिनिधींचा. खरं सांगतो, व्यवस्था वाईट नाही. पण सकाळी आम्ही होतो ते दुपारच्या जेवणानंतर निम्मे उरलो आणि संध्याकाळी सील सह्यांसाठी आमची वाट बघत होती. पक्षांची सभेला माणसं जमवायची ताकद बघ, आणि इथं दिवसभर खुर्चीत बसायला एक माणूस मिळत नाही. निकालानंतर मात्र बोंब पहिली त्यांचीच.

समोरच्या टेबलावरच्या पोराला मी सहज विचारलं, "कायम आहेस का?" तो म्हणाला, "नाही सर, मुदतीवर." ओळखपत्र कंपनीचं, पण नेमणूक ठराविक महिन्यांची. त्यात लपवण्यासारखं काही नाही, या कंपन्या निवडणुकीच्या तोंडावर कंत्राटी तांत्रिक माणसांच्या जाहिराती उघडपणे देतात. देशभराची यंत्रं तपासायची तर कायम माणसं पुरणार कुठनं? २०१९ च्या लोकसभेनंतर मात्र माहिती अधिकारातल्या उत्तरांवरून बातम्या आल्या की ईसीआयएलनं काही अभियंते मुंबईच्या एका खासगी मनुष्यबळ कंपनीकडनं घेतले होते. तुझा प्रश्न खरा तिथं सुरू होतो.

धाकट्या ताईचा पोरगा अशाच एका एजन्सीकडनं एका निवडणुकीला दुसऱ्या राज्यात जाऊन आला. त्याला खोदून खोदून विचारलं. डिप्लोमाचं प्रमाणपत्र, आधार, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, थोडं प्रशिक्षण, मग रेल्वेचं तिकीट. बरं, घरात कुणी राजकारणात आहे का? कुणी विचारलंच नाही म्हणाला. त्याचा सख्खा चुलता नगरसेवक होऊन गेलाय! पोरगं गुणी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण चारित्र्याच्या दाखल्यात गुन्हे दिसतात, सोयरीक दिसत नाही. पगार कोण देतं, एजन्सीचा मालक कोण, त्याची उठबस कुणाकडं, हे तर त्या कागदावर येणारच नाही. तुमच्या मेरीलँड राज्यात २०१८ ला नेमकं हेच झालं ना? मतदार नोंदणीचा डेटा सांभाळणाऱ्या कंपनीत एका रशियन अब्जाधीशाचा पैसा आहे, हे राज्याला एफबीआयनं येऊन सांगितलं. तोवर सगळे कागद जागच्या जागी होते.

आता तुझं कोलोरॅडो. मे २०२१, मेसा काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच. यंत्रांच्या सॉफ्टवेअरचं अधिकृत अपडेट चाललेलं. तिथली क्लार्क, म्हणजे कारकून नव्हे, तिथल्या निवडणुका घेणारी अधिकारी, टीना पीटर्स. तिनं एका स्थानिक माणसाच्या नावानं प्रवेशाचं कार्ड काढून घेतलं, त्याची पार्श्वभूमी तपासणीही रीतसर झाली, आणि आत ते कार्ड लावून गेला भलताच माणूस! हार्ड डिस्कची नक्कल बाहेर आली, पासवर्ड इंटरनेटवर झळकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली ती तूच मला कळवली होतीस. सुभ्या, त्या प्रकरणात तपासणी झालीच नव्हती असं नाही. झाली, पास झाली, आणि उपयोग शून्य झाला, कारण दार आतनं उघडलं. २०२१ च्याच जानेवारीत तुमच्या जॉर्जिया राज्यातल्या कॉफी काउंटीत बाहेरची डेटा कंपनी आत शिरली, तीही तिथल्याच लोकांनी आत घेतली म्हणून. आपल्याकडं २०१० मध्ये हरिप्रसाद नावाचा तंत्रज्ञ आणि त्याच्या परदेशी साथीदारांनी यंत्रात फेरफार करून दाखवला, ते यंत्र मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या साठ्यातलं निघालं. त्यानं दाखवलं काय, तर निकालाचे आकडे दाखवणारी डिस्प्लेची पाटी बदलली की बास. ती पाटी बदलायला हॅकर लागत नाही रे, माझ्यासारखा दुरुस्तीवाला पुरतो. म्हणून तर अंगाला काटा आला. आताच्या एम-३, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, यंत्राचं झाकण उघडलं तर ते बंद पडतं म्हणतात, हे चांगलंच आहे. पण कारखान्यात दुरुस्त करणारा ते उघडणारच, आणि उमेदवारांची नावं ठरल्यावर व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरायलाही तांत्रिक माणूसच हात लावतो. ती चिन्हं भरणारी युनिटं आता निकालानंतर ४५ दिवस सील करून ठेवायची असतात, हे २०२४ च्या निकालातलं मला सगळ्यात पटलेलं कलम.

म्हणजे तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की कंत्राटदाराचं चारित्र्य तपासा, जरूर तपासा, मालकी तपासा, सोयरीक लिहून घ्या. पण माझा जीव त्यात अडकलेला नाही. मला काट्याची वही हवी. कुठल्या क्रमांकाच्या यंत्राला कुणी, कधी, कशासाठी हात लावला, पूर्ण नावानिशी, आणि ती वही उमेदवाराला बघता यावी. आणि दुरुस्तीनंतरचा शिक्का कंपनीचा नको. जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथले मास्तर आहेत, त्यांना बसवा की. ते चुकतील? चुकतीलही. पण त्यांचा पगार यंत्र विकणाऱ्याकडनं येत नाही. दुसरी गोष्ट शेतकऱ्यानं आधीच शोधलीय. कारखान्याच्या काट्यावर विश्वास नसला की तो बाहेरच्या काट्यावर ट्रॉली चढवून येतो. तुमच्याकडं २०१७ पासून राज्यभर कागदी मतपत्रिकांची पडताळणी होते, ती हीच. आमच्याकडं लोकसभा-विधानसभेला प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात.

आणि महापालिकेला? तिथं तर राज्य निवडणूक आयोगानं व्हीव्हीपॅट लावणार नाही असं सांगून टाकलंय. २०२० पासून आपल्या महापालिकेवर प्रशासक बसलाय, मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून खडसावलं, त्यामुळं आता कधीही बिगुल वाजेल. गल्लीतली निवडणूक, पाच-पन्नास मतांनी निकाल फिरणार, आणि बाहेरचा काटाच नाही. त्या यंत्रांच्या तपासणीला मी जाणार आहे. दोन पक्षांना निरोप दिलाय, ज्याचं पत्र आधी येईल त्याचा प्रतिनिधी. पक्ष कुठला हे विचारू नकोस, घरातही सांगितलेलं नाही.

तू एक काम कर. तुझ्या काउंटी क्लार्कच्या ऑफिसात जाऊन विचार, यंत्र कंपनीचा तंत्रज्ञ येतो तेव्हा त्याचं नाव कशात नोंदवतात, आणि ती नोंद सामान्य मतदाराला मागता येते का. छापील नमुना मिळाला तर फोटो काढून धाड. इथं कलेक्टर ऑफिसात अर्ज देताना जोडीला परदेशचा कागद असला की लोक जरा नीट बसून वाचतात, हे तुला सांगायला नको.

पंचगंगा परवा इशारा पातळीकडं सरकत होती, म्हणून बावड्यातले दोन काटे तसेच राहिलेत. आई तुझी आठवण काढते. दिवाळीला येतोयस का ते नक्की कळव, म्हणजे वरची खोली रंगवून घेतो.

तुझा,
विज्या