संद्याला पत्र: पोटातल्या बाळाचा एमआरआय आणि ऑक्सिजन

फोंडा, रविवार रात्र

प्रिय संद्या,

काल फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर मी धड दिलं नाही, एकतर मागे पेशंट उभा आणि वर पत्र्यावर असला पाऊस की तुझं अर्धं बोलणं ऐकूच येईना. म्हणून लिहितोय. वहिनीला वाचून दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

मंगळवारच्या स्कॅनमधे बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन नीट मिळतोय का ते कळेल काय, असं तुझं म्हणणं. तर नाही कळणार रे. सोनोग्राफीत मेंदूतली पाण्याची पोकळी ११ मिलिमीटर आलीय, ती १० च्या आत असावी लागते, म्हणून मेंदूची घडण बाकी ठीक आहे ना एवढं बघायला तुम्हाला पाठवलंय. ऑक्सिजन बघणारा एमआरआय असतो, तू ऐकलंस ते खोटं नाही, पण तो अजून रिसर्चवाल्यांच्या हातात आहे, आमच्यासारख्या सेंटरच्या रिपोर्टात येणारी गोष्ट नव्हे ती. उगाच डॉक्टरांच्या मागे लागू नको.

पण चीज भारी आहे, सांगतोच. गेल्या आठवड्यात एक बाई आलेली, आठवा महिना, हातभर हिरवा चुडा. काचेच्या बांगड्यांचं काही नाही, पण आमचा गाऊन पोटावर बसेना म्हणून सासूने हौसेने सेफ्टी पिन लावून दिलेली, मी दारातच बघितली म्हणून बरं. काढून हातात घेतली आणि वळलो तर तळहातावर पिन आपोआप मशीनकडे फिरली! दीड टेस्लाचं मशीन, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या तीसेक हजार पट, आणि ते रात्रंदिवस चालूच असतं, बंद नाही होत.

आता रक्तात पण लोह असतंच ना, हिमोग्लोबिनमधे. ते पिनेसारखं ओढलं जात नाही, घाबरू नको. पण ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकापुढे वेगवेगळं वागतं, हे पॉलिंग आणि कोरियेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९३६ सालीच दाखवलेलं, एमआरआय जन्मायच्या कितीतरी आधी. सोडलेलं जे असतं ते स्वतःच किंचित चुंबकासारखं होतं आणि आजूबाजूचा सिग्नल लवकर विझवतं. १९९० मधे सेइजी ओगावा या शास्त्रज्ञाने उंदरांच्या मेंदूत हे स्कॅनवर पकडलं, त्याला बोल्ड म्हणतात. म्हणजे बघ, बाहेरून कसलंही औषध टोचायला नको, रक्तच आपली खबर देतं. स्कॅन ठळक दिसावा म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात, ते गरोदर बाईला आम्ही टाळतोच, त्यामुळे हे तर फारच सोयीचं.

मग अडतं कुठे? बाळ हलतं, हे पहिलं. आमचा साधा एक स्लाइस, म्हणजे एका छेदाचं चित्र, सेकंदाच्या आत निघतो तरी ते मधेच डोकं फिरवतं आणि मला परत पहिल्यापासून छेदाची दिशा लावत बसावं लागतं, कधी कधी तर मुद्दाम करतंय असं वाटतं. दुसरं म्हणजे बोल्डमधे ऑक्सिजन वाढला की घटला ते दिसतं, नेमका किती ते नाही. नेमका आकडा हवा तर मेंदूतून परत येणाऱ्या मोठ्या शिरेतल्या रक्ताचा सिग्नल मोजायचा, ती शीर काही मिलिमीटरची, वर रक्ताचा प्रवाह मोजायचा, आणि बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसाच्यापेक्षा ऑक्सिजन घट्ट धरणारं, म्हणून मोठ्यांचे तक्ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. आणि हो, नाळेतून येणारं चांगलं रक्त पण ऑक्सिजनने ८० टक्क्यांच्या आसपासच भरलेलं असतं, आपल्या बोटाला लावतात त्या मशीनवर ८० दिसलं तर धावाधाव होईल, पण बाळाला ते पुरतं.

टोरोंटोच्या टीमने हे सगळं जुळवून २०१५ मधे हृदयात दोष असलेली ३० आणि निरोगी ३० बाळं पोटात असतानाच मोजली. दोष असलेल्यांचा मेंदू सरासरी ३२ टक्के कमी ऑक्सिजन वापरत होता आणि आकाराने १३ टक्के लहान होता. मला हे वाचून रात्रभर झोप नाही आली, कारण आम्ही इथे नुसता आकार बघतो.

आईला मास्कमधून ऑक्सिजन देऊन पण बघितलंय लोकांनी. बाळाच्या यकृताचा, किडनीचा सिग्नल वर जातो आणि मेंदू मात्र जिथल्या तिथे! मला त्यावरून आमची आई आठवली. मे महिन्यात नळाला करंगळीएवढी धार यायची तेव्हा ती माडांचं पाणी आधी तोडायची, न्हाणीघराचं मग, पण रांधपाच्या कळशीला कधी कमी पडू दिलं नाही. बाळ तेच करतं. ऑक्सिजन कमी पडला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंद करून तिकडे जास्त रक्त पाठवतं, आणि हे कळायला एमआरआय लागत नाही, डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीवर दिसतं. तुमचा डॉप्लर नॉर्मल आलाय ना? मग ऑक्सिजनचं काही विचारायचं तर डॉक्टरांना त्या कागदावर बोट ठेवून विचार. (मुलगा की मुलगी तेवढं विचारू नको, १९९४ चा कायदा आहे, माझी नोकरी जाईल.)

वहिनीला सांग, डाव्या कुशीवर झोपवतो, कानाला बोळे देतो, ठकठक आवाज खूप होतो पण दुखत काही नाही, क्ष-किरण तर नाहीतच. पाऊण तास धर, बाळाची मर्जी असेल तर लवकर.

इन्व्हर्टर कुंई कुंई करायला लागला, थांबतो. मंगळवारी माझी सकाळची ड्युटी आहे, डिचोलीहून सातलाच निघा, आमोण्याच्या पुलावरून या, आणि गाऊन मोठ्या साइझचा मी बाजूला काढून ठेवलाय.

तुझा,
दिग्या