पूर्वमंजुरी मिळते, पैसे अडतात

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. रुग्णालय आधी पूर्वमंजुरी घेते, उपचार करते, डिस्चार्जनंतर कागदपत्रे अपलोड करते. मग छाननी आणि सर्वांत शेवटी रुग्णालयाला सरकारकडून पैसे. निधी आटला की हाच टप्पा अडतो. स्टेंट, गुडघ्याचे इम्प्लांट पुरवणारा उधारी किती दिवस ठेवणार? छोट्या रुग्णालयांची तर कंबरच मोडते, आणि ‘खाट रिकामी नाही’ हे उत्तर ऐकावे लागते रुग्णाला. डायलिसिस तर आठवड्यातून दोन-तीनदा लागते, ते जादा निधी मंजूर होणाऱ्या विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबवता येत नाही! या योजनेला जोडलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांसाठी केंद्र-राज्य वाटा ६०:४० आहे. बाकी कुटुंबांचा खर्च राज्याचाच. तो पुरवणी मागण्यांवर, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितल्या जाणाऱ्या जादा निधीवर, ढकलू नये. मूळ अर्थसंकल्पातच पूर्ण तरतूद करून दर तिमाहीचा हप्ता आगाऊ, स्वतंत्र खात्यात जमा करावा.